पोतं धरलेला फोटो

बाळाचं ढुंगण पुसायचे ओले वाइप संडासात टाकून पाणी सोडलं की ते नाहीसे होतात, असं पुष्कळ लोकांना वाटतं. ते नाहीसे होत नाहीत. जोराचा पाऊस झाला आणि गटारं तुंबून वाहिली की ते समुद्रात जातात, भरतीबरोबर किनाऱ्यावर येतात आणि वाळूत अर्धे रुतून बसतात. शेवाळ, केस, मासेमारीच्या जाळ्यांचे दोरे असं सगळं त्यांत गुंतत जातं आणि एक जाड, राखाडी दोर तयार होतो. तो चिमट्याने ओढला तर लगेच येत नाही. आधी ताणला जातो, मग एकदम सुटतो. त्याच्या मागोमाग वाळूतून जो वास वर येतो त्याचं वर्णन मी करू शकतो, पण वाचणाऱ्याचं जेवण नुकतंच झालेलं नसावं.

असले दोर मी २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत पुष्कळ ओढले. पगारासाठी नाही. पगार मला सॉफ्टवेअरच्या कामाचा मिळत होता. डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकला आमचं ऑफिस होतं, पण करोना आल्यापासून ऑफिस म्हणजे स्वोर्ड्समधल्या भाड्याच्या घरातलं माझ्या खोलीतलं टेबल. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा नियम झाला तेव्हा मी नकाशावर वर्तुळ काढून पाहिलं. वर्तुळाच्या कडेला समुद्राचा एक तुकडा येत होता. मला फार आनंद झाला. आमचं तालुक्याचं गाव समुद्रापासून इतकं लांब आहे की मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, सहलीत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. शाळेतल्या सरांनी वह्या दिल्या, बाईंनी फॉर्म भरले, शिष्यवृत्तीने हॉस्टेलचा खर्च चालवला, आणि शेवटी या परक्या देशाने नोकरी दिली. इतक्या लोकांचं आपल्यावर देणं आहे आणि आपण घरात बसून नूडल्स खातो आहोत, असं मला त्या दिवसांत सारखं वाटायचं.

म्हणून दुकानाच्या काचेवर किनारा स्वच्छ करणाऱ्या गटाचा कागद दिसला तेव्हा मी त्याच दिवशी फोन केला.

गट एक निवृत्त शिक्षिका चालवायची. सत्तरीची, उंच, पावसात टोपी न घालणारी. तिचं नाव माहीत असूनही मी मनात तिला बाईच म्हणायचो, कारण नखं कापली आहेत का असं बघणारी तिची नजर थेट आमच्या शाळेतल्या बाईंची होती. तिने मला पिवळं चकाकतं जाकीट दिलं, लांब चिमटा दिला, पोत्याचं तोंड उघडं राहावं म्हणून एक प्लास्टिकचं कडं दिलं आणि सांगितलं, "सुईला हात लावायचा नाही. मेलेल्या सीलला हात लावायचा नाही. बाकी सगळं उचलायचं. आणि नाकाने श्वास घेऊ नकोस, लव." इथली म्हातारी माणसं कुणालाही, आपण 'बाळा' म्हणतो तसं, 'लव' म्हणतात.

पहिल्या रविवारी मला वाटलं होतं, बाटल्या असतील, डबे असतील. ते होतेच. पण कुत्र्यांच्या पिशव्या मी कल्पनेतही पाहिल्या नव्हत्या. या देशात लोक कुत्र्याला फिरवायला नेतात, त्याने घाण केली की खिशातून छोटी पिशवी काढतात, वाकून ती घाण पिशवीत भरतात, पिशवीला घट्ट गाठ मारतात, आणि मग ती पिशवी कुंपणाच्या तारेला लटकवून घरी जातात. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. भरली नसती तर निदान पावसाने वाहून गेली असती. आता ती प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेली, उन्हात फुगलेली, वाळूच्या टेकड्यांच्या वाटेवर ओळीने लटकत होती. एक माझ्या चिमट्यात फुटली. बाईंनी लांबूनच विचारलं, "बुटावर?" मी म्हटलं, "बुटात." त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

घरी आलो की माझा पुण्याचा रूममेट दारातच उभा असायचा. तोही सॉफ्टवेअरवाला, वेगळ्या कंपनीत. "थांब तिथेच! बूट बाहेर. पँट बाहेर. आधी अंघोळ, मग तोंड उघड."

"अरे, चहा तरी दे."

"चहा देतो, कपाला हात लावू नकोस. सोवळंबिवळं नाही हं, मला उगाच पुणेरी म्हणू नकोस. पण तू आज कशाकशाला हात लावलास ते तूच आठव."

मी आठवायचो आणि मुकाट्याने अंघोळीला जायचो.

२०२१ चा उन्हाळा सगळ्यांत वाईट होता. पबमध्ये आत बसायला बंदी, माणसं वर्षभर कोंडलेली, आणि जूनमध्ये अचानक ऊन पडलं. सगळा गाव किनाऱ्यावर उलटला. दारूचे डबे, पिझ्झाची खोकी, वाळूत अर्धवट पुरलेल्या एकदाच वापरायच्या शेगड्या, ज्यांवर पाय पडला तर मुलं भाजतील अशा. एक अख्खा तंबू, आत ओकारी. सार्वजनिक संडास कमी, म्हणून वाळूच्या टेकड्यांमागच्या उंच गवतात माणसांनी जे केलं होतं ते कुत्र्यांच्याही वरताण होतं, आणि त्यावर पुन्हा तेच ओले वाइप आणि तोंडाचे मास्क. हो, मास्क. आजारापासून वाचायला म्हणून तोंडाला लावलेला कपडा माणसाने कशासाठी वापरला होता हे मी पाहिलं. त्या सकाळी मला लोकांची, सगळ्याच लोकांची किळस आली. सुंदर समुद्र, सुंदर ऊन, आणि त्यात आनंद करायला आलेल्या माणसाला जाताना आपलाच आनंद असा मागे टाकून जावासा वाटतो. दुपारपर्यंत आम्ही पोत्यांचा ढीग लावला. बाईंनी फोटो काढला. ढिगाच्या पुढे मी, पिवळं जाकीट, कोपरापर्यंत हातमोजे, महिनोन्महिने न कापलेले केस, हातात भरलेलं पोतं.

मी तो फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'रविवार सकाळ.'

मंगळवारी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला.

"तो फोटो काढ आधी."

"कुठला?"

"पोतं धरलेला. पोराच्या मामांचा फोन आलता."

पोरगा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला सांगून आलेलं स्थळ. पंचायत समितीत क्लार्क, घरची थोडी शेती. त्याचे वडील नव्हते, त्यामुळे बोलणी सगळी मामाच करत. मामा त्यांच्या गावात वजनदार माणूस होते. पाहणं झालं होतं, पत्रिका जुळली होती, फक्त 'मुलीचा भाऊ परदेशात मोठ्या कंपनीत इंजिनिअर आहे' एवढ्यावर बोलणी छान चालली होती. मला भारतात जाता येत नव्हतं, म्हणून माझी गाठ व्हिडिओवर घालून द्यायचं ठरलं होतं. त्याच्या आधीच माझा फोटो पोचला.

"काय म्हणाले मामा?"

"म्हणाले, तुमचा मुलगा तिकडं नेमकं काय करतो? मी म्हटलं, इंजिनिअर आहे. तर म्हणाले, मग जाकीट कसलं घातलंय? आमच्या नगरपालिकेचे कंत्राटी लोक तसलंच घालतात."

"अण्णा, ते स्वयंसेवक म्हणून..."

"मला सांगतोस? मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे का?" अण्णा पुढे म्हणाले, "हायस्कुलात शिपाई होतो मी. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पोरांच्या मुताऱ्या धुवायच्या. वाकून वाकून कंबर गेली. तू वर्गात पहिला यायचास तेव्हा वाटायचं, हा आता वाकणार नाही. आणि तू तिकडं जाऊन हौसेनं वाकतोस? फोटो काढून?"

फोटो मी काढून टाकला. पण तो जिथे जायचा तिथे गेला होता.

त्या रात्री मला जे वाटलं ते किनाऱ्यावरच्या किळसेपेक्षा वेगळं नव्हतं. इतक्या लोकांनी तो फोटो पाहिला, एकमेकांना पाठवला, त्यावर चर्चा केली. त्या ढिगाकडे बोट दाखवून 'ही घाण कुणी केली?' असं एकानेही विचारलं नाही. घाण करणारा त्यांच्या डोळ्यांना दिसलाच नव्हता. दिसला तो फक्त उचलणारा.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. ती आमच्या तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोक सकाळी सकाळी डब्या घेऊन येतात, त्या डब्या घेणं, चिठ्ठ्या लावणं, तपासणं हे तिचं काम.

"दादा, तू घाण उचललीस त्याचं मला काही नाही. मी रोज गावाची डबी उचलते."

"मग?"

"मग मला हा मुलगा आवडलाय."

ती असं कधी बोलत नाही.

"याआधीचा आठवतो? लग्नानंतर लॅब सोडायची म्हणाला होता. त्याच्याआधीच्याची आई माझ्या हातचा चहा प्यायली नाही, कुठं काम करते कळल्यावर. हा काय म्हणाला माहितीये? मी म्हटलं, माझं काम शी-शूचं आहे. तर म्हणाला, माझंही फायलींचं आहे, वासात फार फरक नसेल." ती हसली. मग एकदम गंभीर झाली. "तो चांगला आहे रे. पण मामांच्या शब्दाबाहेर नाही. तू फक्त त्यांना साहेबासारखा दिस. दिसशील ना?"

मामांनी अण्णांकडे ऑफिसातला फोटो मागितला होता. गळ्यात कंपनीचं कार्ड, मागे कंपनीचं नाव. ऑफिस बंद होतं. मग रूममेट म्हणाला, "आत नाही तर नाही, बाहेरून काढू. इमारत तर दिसेल!"

शनिवारी आम्ही दोघं बसने ग्रँड कॅनाल डॉकला गेलो. एकाआड एक सीट रिकामी, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मी कॅम्पस इंटरव्ह्यूच्या वेळी शिवलेला कोट घातला होता, तो आता पोटावर बसत नव्हता. आमची काचेची इमारत गप्प उभी होती. आत सिक्युरिटीचा माणूस खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होता. मी गळ्यात कार्ड अडकवलं आणि उभा राहिलो.

मागे डॉकचं पाणी होतं. वाऱ्याने सगळा तरंगता कचरा त्या कोपऱ्यात आणून लावला होता. कॉफीच्या पेल्यांची झाकणं, दारूचे डबे, एक फुगलेला नॅपी म्हणजे बाळाचा डायपर, आणि या सगळ्यांमध्ये चोच घालून काहीतरी गिळणारा हंस.

"डावीकडे सरक," रूममेट म्हणाला. "कचरा येतोय फ्रेममध्ये."

"येऊ दे."

"येऊ दे काय! कचऱ्यापायीच आलोय ना इथे? सरक. हां. आता जरा छाती काढ. एवढी नको, कोटाचं बटण तुटेल. चेहरा नीट कर की रे, एखादी घाण उचलल्यासारखं तोंड करू नकोस."

हंसाच्या घशातून काहीतरी पांढरं खाली सरकताना मी पाहत होतो. फोटोत मी हसलो आहे.

फोटो पसंत पडला. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल ठरला. एका चौकटीत अण्णा, आई आणि दारापाशी बहीण, दुसऱ्या चौकटीत मामा, मुलाची आई आणि मागे अर्धवट दिसणारा मुलगा. मामा पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन.

"हां, आता कसं!" मामा म्हणाले. "आता साहेब वाटता. नाहीतर त्या दिवशी आम्ही घाबरलोच होतो. म्हटलं, करोनात नोकरीबिकरी गेली की काय पाहुण्यांची."

सगळे हसले. मीही हसलो.

"मग ते पोतं काय होतं म्हणायचं?"

मी तोंड उघडायच्या आधी अण्णा म्हणाले, "ते होय, ते कंपनीनंच नेलं होतं हो सगळ्यांना. सक्तीनं. एक दिवसाचं काहीतरी असतं त्यांचं. हा तर नको म्हणत होता."

मी अण्णांकडे पाहिलं. ते कॅमेऱ्याकडे न बघता गुडघ्याकडे बघत होते. मला आठवलं, शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हा अण्णा असेच खाली बघून उत्तरं द्यायचे. ज्या माणसाने आयुष्यभर मुताऱ्या धुऊन मला शिकवलं, तो आज झाडणं ही शरमेची गोष्ट आहे असं दुसऱ्या माणसाला खात्रीने पटवून देत होता, आणि तेही माझ्यासाठी.

"तसं नाही मामा," मी म्हणालो. "कंपनीनं नेलं नव्हतं. मी स्वतः जातो. दर रविवारी."

दोन्ही चौकटी स्तब्ध झाल्या. मला वाटलं नेट गेलं.

"दर रविवारी?" मामा.

"हो."

"किती देतात?"

"काही नाही."

"फुकट?" मामांनी मुलाच्या आईकडे पाहिलं. "पैसे घेऊन करत असता तर आम्ही समजू शकलो असतो. माणसावर वेळ येते. पण इंजिनिअर माणूस, फुकट, लोकांची घाण उचलतो म्हणजे..." ते कॅमेऱ्याजवळ सरकले. "काय काय असतं त्यात?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण त्या प्रश्नातल्या चवीमुळे माझा तोल गेला. मी सांगितलं. नॅपी, वाइप, कुत्र्यांच्या पिशव्या, गवतामागचं सगळं, मास्क कशासाठी वापरले होते तेही. मुलाच्या आईने पदर नाकाला लावला. मामा म्हणाले, "बरं बरं. जेवणाची वेळ झालीय आमच्याकडं. कळवतो."

कॉल बंद झाला. दहा मिनिटांत बहिणीचा फोन आला.

"तुला खरं बोलायला काय जातं रे, दादा?" तिचा आवाज अगदी शांत होता. "तू तिकडं राहतोस. मला इथं राहायचंय." आणि तिने फोन ठेवला.

मामांचं कळवणं आलं नाही. दिवस जात राहिले. अण्णा फोनवर हवामानाबद्दल बोलायचे. आई म्हणायची, बहीण लॅबमधून उशिरा येते हल्ली. मी तिला मेसेज करायचो, ती 'हं' लिहायची.

मग एका रविवारी पहाटे पाऊस होऊन गेला होता, म्हणजे वाइपचा दिवस. भरतीच्या रेषेवर शेवाळाचे ढीग होते. मी एका ढिगात चिमटा घातला आणि ओढलं. शेवाळाखाली एक नॅपी होता, पाण्याने फुगून उशीएवढा झालेला. तो चिमट्यात आला आणि मधोमध फाटला. त्यातला जेलीसारखा लगदा माझ्या हातमोज्यावरून मनगटात गेला. त्यात पांढरे किडे होते. एवढ्या रविवारांत मला कधी झालं नव्हतं ते झालं. मी टेकडीमागे पळालो आणि पोटातलं सगळं ओकलो.

बाई थर्मास घेऊन आल्या. "झालं? ग्रँड," त्या म्हणाल्या; इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात. "सगळ्यांना एकदा होतं. मला तर माझ्या वाढदिवसाला झालं होतं." त्यांनी झाकणात चहा ओतला, वाळूवर ठेवला आणि दोन मीटर मागे सरकल्या. "पण तू आज आलास तेव्हाच पांढराफटक दिसत होतास. काय झालंय?"

मी त्यांना सांगितलं. बहिणीचं लग्न, फोटो, जाकीट, मामा. इंग्रजीत सांगताना ते सगळं इतकं विचित्र वाटत होतं की मला मध्येच गप्प व्हावंसं वाटलं. त्या कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या.

"म्हणजे उचलणाऱ्याच्या बहिणीला नवरा मिळत नाही."

"मिळतो. पण अडचण येते."

"आणि टाकणाऱ्याच्या?"

"टाकणाऱ्याला काही अडचण नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "टाकणाऱ्याला इथेही नाही. माझ्या जावयाला विचार." आणि आपला चिमटा घेऊन पुढच्या ढिगाकडे गेल्या.

त्यांचं बोलणं मला पटलं, पण त्याने माझं काम होत नव्हतं. त्यांच्या मुलीचं लग्न झालेलं होतं. माझ्या बहिणीचं अडलं होतं, आणि ते माझ्या तोंडामुळे. मनगटाला अजून वास येत होता. मी समुद्रात हात धुतला, पुन्हा धुतला, आणि ज्या पाण्यात धुतो आहे त्यातूनच हे सगळं आलं आहे हे लक्षात येऊन हात बाहेर काढला.

संध्याकाळी अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. उचलला तर दुसऱ्या चौकटीत मामा. चेहरा फुललेला.

"काय पाहुणं! एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवलीत होय आमच्यापासून?"

मला काही कळेना. "कुठली गोष्ट?"

"आता आणि कुठली! पासपोर्टची! आमच्या पोराला तुमच्या बहिणीनं सगळं सांगितलं. तिकडचा पासपोर्ट पाहिजे असेल तर तिथल्या सरकारला असं काम करून दाखवावं लागतं म्हणे. समाजसेवा. ती केली की नंबर लवकर लागतो. अहो, मग त्या दिवशी तसं सांगायचं ना! आम्ही आपले उगाच भलतंसलतं समजून बसलो. मी तर इथं चारचौघांत सांगितलं, म्हटलं पाहुणे हुशार आहेत, घाणीत हात घातलाय पण सोनं काढायला."

अण्णा माझ्याकडे पाहत होते. या वेळी गुडघ्याकडे नाही, थेट माझ्याकडे. त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात बहीण उभी होती. हातात चहाचा ट्रे. ती आत आली नाही, मागेही गेली नाही. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी खूण केली नाही. फक्त उभी राहिली, लॅबच्या खिडकीशी लोक रिपोर्टची वाट बघत उभे राहतात तशी.

असला कुठलाही नियम या देशात नाही. पासपोर्टला राहण्याची पाच वर्षं मोजतात, पोती मोजत नाहीत. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं आणि त्याची चव सकाळच्या ओकारीसारखी होती. फुकट उचलणारा वेडा आणि फायद्यासाठी उचलणारा हुशार. त्यांच्या दृष्टीने आता सगळं स्वच्छ झालं होतं.

"मग किती वर्षं करावं लागतं हे असं?" मामांनी विचारलं.

ट्रेमधल्या कपांचा किणकिण आवाज आला.

"पाच," मी म्हणालो.

"पाच वर्षं!" मामा मागे वळून घरातल्यांना म्हणाले. "काढतील की. त्यात काय!" मग पुन्हा कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "आमच्याकडून होकार समजा. आणि हो, लग्नानंतर आमच्या पोराचंही बघा तिकडं काहीतरी. तोही उचलील. कष्टाला मागं हटणारा नाही."

अण्णा मोठ्याने हसले. बहीण ट्रे घेऊन पुढे आली आणि चहा द्यायला लागली. मी मामांना म्हटलं, बघतो.